पाण्याची गोळी आणि बाजाराचा दिवस: हार्ट फेल्युअरचं एक प्रकरण

रुग्ण ६१ वर्षांची बाई. रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात राहणारी, लग्न झाल्यापासून मासळी विकणारी. मधुमेह बारा वर्षांचा. चार वर्षांपूर्वी हार्ट अटॅक आला, तेव्हा मुंबईत महात्मा फुले योजनेतून एक स्टेंट बसला. जूनच्या अखेरीस, पाऊस ऐन भरात असताना, पहाटे दोनच्या सुमारास तिला रिक्षात घालून आमच्या रुग्णालयात आणलं. आडवं होता येत नव्हतं, एक वाक्य पुरं बोलता येत नव्हतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

असा रुग्ण आमच्या मेडिसिन वॉर्डात जवळजवळ कायम एक तरी असतो. तरी हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे, कारण तिचा आजार बळावण्याची बहुतेक कारणं तिच्या रोजच्या कामधंद्यात सापडली आणि उपायही तिथेच करावा लागला. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय कमजोर होणं आणि त्यामुळे अंगात, फुप्फुसांत पाणी साठणं. त्याची औषधं आज चांगली आहेत. ती रुग्णाच्या दिवसात बसवायची कशी, याला मात्र केसपेपरवर रकाना नसतो.

पहिली रात्र

आली तेव्हा श्वास मिनिटाला ३४, नाडी ११८ पण नियमित, बीपी १६८/९६, ऑक्सिजन ८६ टक्के. मानेतली शीर कानाच्या पाळीपर्यंत फुगलेली. दोन्ही फुप्फुसांत खालून निम्म्यापर्यंत बारीक बुडबुड्यांचा आवाज आणि वर घुरघुर. पाय नडगीपर्यंत सुजलेले, अंगठा दाबला की खड्डा राहत होता. हातपाय मात्र गरम होते. हे तपासायला दहा सेकंद लागतात आणि त्यावर पुढचं बरंच ठरतं: अंगात पाणी साठलंय, पण अवयवांना रक्त पोचतंय. हात थंडगार, बीपी कमी आणि रुग्ण सुस्तावलेला असता, तर तिला त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात हलवावं लागलं असतं.

सून सोबत होती. तिने आल्याआल्या सांगितलं, "सासूबाईंना दमा आहे." पिशवीत इनहेलर होता, दम्याच्या थिओफिलीन गोळ्यांची स्ट्रिप होती. त्या महिन्यात दोनदा दवाखान्यात वाफ देऊन घरी सोडलं होतं. घुरघुर ऐकली की मनात दमा येतो, हे समजण्यासारखं आहे. पण साठी ओलांडलेली, अटॅक येऊन गेलेली आणि आधी कधी दमा नसलेली बाई पहिल्यांदाच घुरघुरू लागली, तर आधी हृदयाकडे बघायला हवं. श्वासनळ्यांभोवती पाणी साठलं तरी तसाच आवाज येतो. विचारायचं एवढंच असतं: उशा किती लागतात, झोपेतून दम लागून उठावं लागतं का, वाकलं की दम लागतो का. सुनेच्या सांगण्यावरून कळलं की दोन आठवडे ती भिंतीला पाठ टेकून बसूनच झोपत होती आणि केर काढायला वाकली तरी मध्येच थांबत होती.

तिला पाय खाली सोडून बसवलं, बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र लावलं, नायट्रोग्लिसरीनचं ड्रिप सुरू केलं आणि फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारं औषध, ८० मिलिग्रॅम शिरेतून दिलं. हे औषध पुष्कळ ठिकाणी जपून, घाबरत दिलं जातं. २० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन टोचायचं आणि सकाळच्या राऊंडची वाट बघायची, हे मी फार पाहिलंय. घरी तोंडाने ४० मिलिग्रॅमची गोळी चालू असलेल्या रुग्णाला शिरेतून निदान तेवढा किंवा त्याच्या दुप्पट डोस लागतो. मग घड्याळ लावून लघवी मोजायची. पहिल्या सहा तासांत ताशी १०० ते १५० मिलिलिटर झाली तर ठीक, नाहीतर डोस दुप्पट करायचा. इथे सकाळपर्यंत १२०० मिलिलिटर झाली. आठ वाजता ती सलग बोलत होती आणि चहा मागत होती.

ईसीजीत जुन्या अटॅकच्या खुणा होत्या, नवं काही नाही. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक, किंचित वाढलेलं, पण तीन तासांनी पुन्हा केलं तेव्हाही तेवढंच. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावलं की हे वाढतं) १.४, सोडियम १३०, पोटॅशियम ४.४, हिमोग्लोबिन ९.४, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज, ८.६. थायरॉइड ठीक. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं ते, २८. अटॅकनंतर मुंबईच्या कागदावर ते ४० होतं. उभं राहता आलं तेव्हा वजन घेतलं: ६३ किलो.

तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन १.७ झालं आणि वॉर्डात चर्चा झाली. ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांनी लॅसिक्स, म्हणजे फ्युरोसेमाइडच, थांबवायचं सुचवलं. पायाची सूज अजून होती, मानेची शीर अजून दिसत होती, लघवी उत्तम होत होती. अशा वेळी क्रिएटिनिन थोडं वर गेलं म्हणून पाणी काढणं थांबवलं, तर रुग्ण अर्धवट सुकलेला घरी जातो आणि महिन्याच्या आत परत येतो. मूत्रपिंडाला त्रास फुगलेल्या शिरांच्या दाबाचाही होतो. आम्ही इंजेक्शन चालू ठेवलं. सहाव्या दिवशी क्रिएटिनिन १.३ होतं, वजन ५६.५.

प्लास्टिकची पिशवी

औषधांची पिशवी उलटी करून टेबलावर मांडणं हा माझ्या मते हार्ट फेल्युअरच्या तपासणीचा भागच आहे, इकोइतकाच. नावं विचारून काही हाती लागत नाही. "लाल गोळी सकाळी, अर्धी पांढरी रात्री" हे उत्तर खरं असतं, पण त्यावरून काही ठरवता येत नाही.

टेबलावर आलेलं असं: अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, मेटोप्रोलॉल २५, रॅमिप्रिल २.५, फ्युरोसेमाइड ४०, इनहेलर, थिओफिलीन, मधुमेहाची एक गोळी आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या सुट्या गोळ्या.

मधुमेहाच्या स्ट्रिपवर मोठ्या अक्षरांत कंपनीने ठेवलेलं नाव होतं. खाली, चंदेरी कागदावर जेमतेम वाचता येईल अशा बारीक अक्षरांत, तीन औषधं: ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि पायोग्लिटाझोन. यातलं तिसरं अंगात पाणी साठवतं. हार्ट फेल्युअरमध्ये ते देऊ नये, यावर कुठेही दुमत नाही. आपल्याकडे ही तिन्हींची एकत्र गोळी सर्रास चालते, कारण स्वस्त आहे आणि साखर छान उतरवते. ती सात-आठ महिन्यांपूर्वी सुरू झाली होती. पायाला पहिल्यांदा सूज कधी दिसली, हे सुनेला विचारलं तर ती म्हणाली, गणपतीला नव्हती, शिमग्याला होती. हिशेब जुळत होता.

कागदातल्या गोळ्या अ‍ॅसिक्लोफिनॅकच्या, गुडघ्यासाठी. उकिडवं बसून मासळी विकण्यात आयुष्य गेलं, गुडघे झिजले, आणि मेडिकलमधून सुट्या गोळ्या मिळतात. पावसाळ्यात दुखणं वाढलं तशी रोज दोन घेत होती. या जातीच्या सगळ्याच वेदनाशामक गोळ्या, म्हणजे डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणि त्यांची भावंडं, मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात, फ्युरोसेमाइडचा जोर मोडतात आणि रॅमिप्रिलसारख्या औषधासोबत मूत्रपिंडच संकटात आणतात. शिवाय पोट. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि वर ही गोळी. शौचाच्या तपासणीत रक्ताचा अंश निघाला, दुर्बिणीत जठराला बारीक व्रण दिसले, फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, ३८, कमीच होतं. म्हणजे हिमोग्लोबिन ९.४ का होतं, तेही कळलं. अ‍ॅनिमियामुळे कमजोर हृदयाला जास्त धावावं लागत होतं. एका गुडघ्याच्या गोळीचे धागे तीन ठिकाणी निघाले.

क्लोपिडोग्रेल आम्ही बंद केलं. स्टेंटला चार वर्षं झाली होती. वर्षभरानंतर बहुतेकांना दोन रक्तपातळ औषधं लागत नाहीत, पण बंद करा असं कुणी लिहीत नाही म्हणून ती चालू राहतात. पोटासाठी पँटोप्राझोल दिलं आणि लोह शिरेतून. हार्ट फेल्युअरमध्ये तोंडाने दिलेलं लोह फारसं अंगी लागत नाही. शिरेतून दिलं की चालण्याची ताकद आणि उत्साह वाढतो, हे आता पक्कं झालेलं आहे.

कार्डवर न लिहिलेली वेळ

फ्युरोसेमाइडची स्ट्रिप चार महिन्यांपूर्वीची होती आणि अर्धी भरलेली. राऊंडला विचारलं तर उत्तर "घेते ना, रोज घेते." खरी माहिती काढली वॉर्डच्या सिस्टरनी, संध्याकाळी, वेणी घालून देता देता. त्यांनी गोळ्यांचं नावच काढलं नाही. सकाळी उठल्यापासून काय काय करता, एवढंच विचारलं.

पहाटे पाचला उठणं, सहाच्या टमटमने बाजार, दुपारी दोनला घरी. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, म्हणून या दिवसांत सुकी मासळी विकायची. बाजाराच्या जागेत बायकांना जाता येईल असं स्वच्छतागृह नाही. आहे त्याला कुलूप असतं.

"मग मावशी, पाण्याची गोळी कधी घेता?"

"घरी असले की."

"आणि बाजार असला की?"

"ती घेतली की तासाभरात दोनदा जायला लागतं. पाटी टाकून जायचं कुठं, बाय?"

आठवड्यातले पाच-सहा दिवस गोळी बुडत होती. डिस्चार्ज कार्डवर "सकाळी एक" लिहिलं होतं. सकाळ टळली की गोळीच टळायची, कारण दुपारी घेतलेली चालते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तोंडाने घेतलेल्या फ्युरोसेमाइडचा परिणाम तासाभरात सुरू होतो आणि सहाएक तासांत ओसरतो. दुपारी अडीचला घेतली तर रात्री नऊपर्यंत मोकळं. रात्रीची झोप मोडू नये म्हणून सकाळी लिहायची पद्धत आहे. त्यापलीकडे सकाळच हवी असं शास्त्रात काही नाही. औषध बदलून टॉर्सेमाइड द्यावं का, असंही एकाने सुचवलं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ट्रान्सफॉर्म-एचएफ चाचणीत, जवळपास २,९०० रुग्णांत, दोन्हींमध्ये मृत्यूच्या बाबतीत फरक निघाला नव्हता. तिला वेगळ्या गोळीची गरज नव्हती, वेगळी वेळ हवी होती.

लांबच्या एसटी प्रवासाला निघताना, शेतावर जाताना, लग्नकार्यात, पाण्याची गोळी चुकवणाऱ्या बायका मला दर आठवड्याला भेटतात. पुरुषही चुकवतात, पण इतके नाही, आणि कारण उघड आहे. रुग्ण औषध घेत नाही असा शेरा मारणं सोपं असतं. सार्वजनिक स्वच्छतागृह हा हार्ट फेल्युअरच्या उपचाराचा भाग आहे, हे मी पूर्ण गांभीर्याने लिहितो आहे.

मिठाचा हिशेब

सुकी मासळी विकते म्हणजे खातेही तीच. अगोट भरताना, पावसाआधीच्या खरेदीत, घरात बोंबील, जवळा, सोडे आणि खारे बांगडे येतात. भाजी महाग झाली की दोन्ही वेळेला तेच. मागच्या वेळी तिला "मीठ बंद, सुकं बंद" असं सांगितलं होतं. तिने आठवडाभर पाळलं आणि सोडून दिलं, कारण मग खायचं काय?

सुनेला बसवून नीट विचारलं तेव्हा ती आम्हाला शिकवू लागली. बोंबील आणि जवळा हे उन्हात नुसते वाळवतात, बहुधा मीठ न लावता. बांगडा मात्र चिरून, पोटात मीठ भरून, थरावर थर देऊन मुरवतात. एकाच पाटीत दोन्ही असतात, पण मिठाच्या दृष्टीने त्यांची गोष्ट वेगळी. ठरलं ते असं: खारा बांगडा आणि खारवलेलं सगळं बंद. बोंबील-जवळा आठवड्यातून दोनदा, कोमट पाण्यात भिजवून, पाणी टाकून, वरून मीठ न घालता. लोणचं, पापड, फरसाण नको. भाकरीच्या पिठात मीठ नको, आमटीत नेहमीच्या निम्मं. कोकम, कांदा, ओलं खोबरं, लसूण यांनी चव आणायची, तेवढी अक्कल कोकणातल्या सुनेला डॉक्टरने शिकवायची गरज नसते.

पूर्ण अळणी जेवण मी कुणालाच सांगत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या सोडियम-एचएफ अभ्यासात अगदी कडक मीठबंदीने मृत्यू किंवा भरती होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. अळणी जेवण वयस्क माणूस अर्धवट टाकतो, आणि हार्ट फेल्युअरमध्ये वजन झडत जाणं हे वाईट लक्षण असतं. दिवसाला एकूण पाच ग्रॅमच्या, म्हणजे एका चहाच्या चमच्याच्या, आत राहिलं तरी खूप झालं. सैंधवाबद्दल मात्र स्पष्ट सांगावं लागतं. ते चालतं असा समज घरोघरी आहे. पण तेही सोडियम क्लोराइडच. अपचनाला घेतल्या जाणाऱ्या फसफसणाऱ्या पुड्यांतही सोडियम असतं, आणि त्या तर घरात डबाभर होत्या.

चार खांब

तिच्या प्रकारच्या हार्ट फेल्युअरला, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन ४० किंवा कमी असलेल्याला, आता चार औषधांचा आधार आहे: सॅक्युबिट्रिल-व्हालसार्टन किंवा ते नसेल तर रॅमिप्रिल-एनालाप्रिल गट, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन, आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. फ्युरोसेमाइड दम घालवतं, आयुष्य वाढवतात ती ही चार. तिच्याकडे त्यातली दोन होती, रॅमिप्रिल आणि बीटा ब्लॉकर म्हणून मेटोप्रोलॉल, तीही चार वर्षं सुरुवातीच्याच डोसवर.

रॅमिप्रिल बंद करून ३६ तास मोकळे ठेवले. इथे घाई केली तर जीभ आणि घसा सुजण्याचा धोका असतो. मग सॅक्युबिट्रिल-व्हालसार्टनचा लहानात लहान डोस दिला. डॅपाग्लिफ्लोझिन १० आणि स्पायरोनोलॅक्टोन २५ वॉर्डातच सुरू केलं. मेटोप्रोलॉल तिच्याकडे टार्टरेट होतं. हार्ट फेल्युअरमध्ये आयुष्य वाढल्याचा पुरावा सक्सिनेट या दीर्घ चालणाऱ्या प्रकाराचा आहे, म्हणून ते बदललं. पायोग्लिटाझोन गेलं, ग्लिमेपिराइड निम्मं केलं, मेटफॉर्मिन ठेवलं. इनहेलर आणि थिओफिलीन बंद.

डॅपाग्लिफ्लोझिनमुळे लघवीतून साखर जाते आणि बायकांना खाज, बुरशीचा त्रास होऊ शकतो. हे सिस्टरनी तिला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं. डॉक्टरने सगळ्यांसमोर राऊंडला सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि खाज सुटल्याबरोबर गोळी टाकून दिली असती. उलट्या-जुलाब झाले किंवा दिवसभराचा कडकडीत उपास असला, तर त्या दिवशी ही गोळी घ्यायची नाही, हेही सांगितलं.

पैशाचा प्रश्न टाळून चालत नाही. योजनेत भरती असताना खर्च नसतो. आयुष्यभराच्या गोळ्यांचा भार घरावर येतो. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं, सॅक्युबिट्रिल-व्हालसार्टनच्या भारतीय कंपन्यांच्या गोळ्या २०२३ पासून मिळू लागल्या, एम्पाग्लिफ्लोझिन २०२५ मध्ये मोकळं झालं. किमती खूप उतरल्या आहेत, तरी मासळीबंदीच्या दोन महिन्यांत कोळ्याच्या घरी तेवढेही जड जातात. आम्ही प्रत्येक औषधाचं मूळ नाव मराठीत लिहून दिलं, जनऔषधी केंद्रात काय मिळेल आणि काय बाहेरून घ्यावं लागेल ते वेगळं केलं, आणि पैसे कमी पडले तर कोणती गोळी कधीही सोडायची नाही तेही लिहिलं. ही शेवटची ओळ लिहिताना वाईट वाटतं. पण ती नसेल तर निवड दुकानदार करतो.

सातव्या दिवशी घरी सोडलं.

घरी गेल्यावरचे पंधरा दिवस

आपल्या देशातला हार्ट फेल्युअरचा रुग्ण कसा असतो, याचं चित्र आता आपल्याकडे आहे. राष्ट्रीय हार्ट फेल्युअर नोंदणीत ५३ रुग्णालयांतल्या जवळजवळ ११ हजार भरती रुग्णांची माहिती जमली. सरासरी वय सुमारे ६०, बायका तीनात एक, दर दहांतल्या सात जणांत मूळ कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, आणि मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे औषधं निम्म्याहून कमी जणांना. ९० दिवसांत सातातला एक जण दगावला. त्याआधी २०१३ साली केरळात झालेल्या तिरुवनंतपुरम नोंदणीत १२०५ रुग्ण होते आणि तिथे हाच आकडा १८ टक्क्यांवर होता. पाश्चात्त्य देशांत हा सत्तरी-पंचाहत्तरीचा आजार आहे. आपल्याकडे तो कमावत्या वयात येतो. ही बाई त्या सरासरीच्या अगदी मधोमध बसते.

धोका सगळ्यात जास्त असतो तो घरी गेल्यावरच्या पहिल्या आठवड्यांत, आणि नेमकी तेव्हाच आपण महिन्याने या म्हणतो. २०२२ मध्ये आलेल्या स्ट्राँग-एचएफ चाचणीत १०७८ रुग्णांपैकी निम्म्यांना दोन आठवड्यांत औषधांच्या पूर्ण डोसपर्यंत नेलं, दर आठवड्या-पंधरवड्याला तपासून. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरती, हे प्रमाण नेहमीच्या उपचारात २३.३ टक्के होतं, या गटात १५.२. यात नवं औषध कुठलंच नव्हतं. डोस लवकर वाढवले आणि रुग्णाला वारंवार बोलावलं, एवढाच फरक. आमच्या ओपीडीत तेवढ्या भेटी जमवणं कठीण आहे, पण पहिली भेट सातव्या दिवशी आणि त्याआधी सिस्टरचा एक फोन, एवढं जमतं आणि ते आम्ही सोडत नाही.

वजन रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, शाळेच्या वहीत. मुलाने वजनकाटा आणला. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर फ्युरोसेमाइड दुप्पट करून आम्हाला फोन. तिला वाचता येत नाही, म्हणून नातीने वहीत ५८ च्या जागी लाल रेघ मारून दिली. ज्यांच्याकडे काटा नसतो त्यांना सिस्टर परकराच्या नाडीवर खूण करायला सांगतात. नाडीची गाठ रोजच्या जागी बसेना, की पोटात पाणी आलं. तंत्र जुनं आहे आणि चालतं.

सातव्या दिवशी वजन ५६.८, बीपी ११२/७०, क्रिएटिनिन १.३, पोटॅशियम ४.८. मेटोप्रोलॉल ५० केलं. पुढच्या भेटीत सॅक्युबिट्रिल-व्हालसार्टन एक पायरी वर.

तिसऱ्या आठवड्यात पोटॅशियम ५.७ आलं, म्हणजे धोका वाटावा इतकं जास्त. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, उलट ती खूश होती. ईसीजी लगेच काढला, तो नेहमीसारखाच होता. कारण शोधायला वेळ लागला नाही. मुलाने आईच्या काळजीने शहरातून "कमी सोडियमचं" मीठ आणलं होतं आणि घरात तेच वापरत होते. शिवाय रोज एक शहाळं, त्यातही पोटॅशियम असतं. त्या मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. धडधाकट माणसांसाठी ते चांगलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२५ च्या जानेवारीत त्याची शिफारस केली, पण मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना त्यातून वगळून. स्पायरोनोलॅक्टोन आणि सॅक्युबिट्रिल-व्हालसार्टन ही पोटॅशियम वाढवणारी औषधं घेणाऱ्या, क्रिएटिनिन १.३ असलेल्या बाईला ते घातक ठरू शकतं. मीठ आणि शहाळं बंद केलं, स्पायरोनोलॅक्टोन निम्मं केलं. चार दिवसांनी ४.९. स्पायरोनोलॅक्टोन कायमचं बंद करण्याचा मोह अशा वेळी होतो. १९९९ च्या रेल्स चाचणीत या स्वस्त गोळीने मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांनी घटवलं होतं. ती एका रिपोर्टवर टाकून द्यायची नसते. महिन्याभराने पुन्हा पूर्ण डोस केला. आता मिठाबद्दल बोलताना कोणतं मीठ आणू नका हेही आम्ही सांगतो, आणि त्याची पुडी दाखवूनच सांगतो.

तीन महिन्यांनी

इजेक्शन फ्रॅक्शन ३८. वजन ५६ ते ५७ मध्ये स्थिर. एका उशीवर झोपते. बीपी १०० च्या आसपास असतं, चक्कर येत नाही, म्हणून डोस कमी केलेले नाहीत. आकडा कमी दिसला म्हणून गोळ्या काढून घेण्याची चूक फार होते. रुग्ण उभा राहिल्यावर डोळ्यापुढे अंधारी येत नसेल आणि लघवी नीट होत असेल, तर १०० चं बीपी या आजारात चांगलं बीपी आहे.

आयसीडीचा, म्हणजे घातक ठोके थांबवणाऱ्या यंत्राचा विचार पुढे ढकलला. तो इजेक्शन फ्रॅक्शन ३५ किंवा कमी असेल तर आणि तेही निदान तीन महिने पूर्ण औषधं दिल्यावर करायचा असतो. मुलाला कुणीतरी सांगितलं होतं की आणखी एक स्टेंट टाकला की हृदय सुधारेल. तिला छातीत दुखत नाही, ट्रोपोनिन वाढत गेलं नव्हतं. २०२२ च्या रिव्हाइव्हड चाचणीत, इजेक्शन फ्रॅक्शन ३५ किंवा कमी असलेल्या ७०० रुग्णांत, औषधांवर स्टेंटची भर घालून मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरने भरती होणं कमी झालं नव्हतं. मी मुलाला हे सविस्तर सांगितलं. अँजिओग्राफी छातीत दुखू लागलं तर, किंवा औषधं पूर्ण असूनही फ्रॅक्शन घसरलं तर. फ्लूची लस दिली. न्यूमोकोकलची पुढच्या भेटीत.

तिच्या लेखी मात्र हृदयाचा प्रश्न मिटला आहे आणि गुडघ्याचा तसाच आहे. आणि मला तो हृदयाइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण दुखणं असह्य झालं की कागदातली सुटी गोळी परत येणार. पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळेला, गरम शेक, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. बाजारात उकिडवं बसणं बंद करून एक फूट उंचीचं लाकडी स्टूल, जे तिच्या भावाने करून दिलं. हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांधा बदलावा लागेल असं सांगितलं आहे. भुलीच्या दृष्टीने हृदय आणखी काही महिने स्थिर राहायला हवं, हिमोग्लोबिन ११ च्या वर जायला हवं. तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत, मराठीत, त्या गटातल्या वेदनाशामकांची नावं लिहून "देऊ नये" असं लिहिलं आहे. तसाच एक कागद सुनेने गावातल्या मेडिकलवाल्याकडे नेऊन दिला. पुढचा इको आणि हाडाच्या डॉक्टरांची भेट एकाच दिवशी ठेवली आहे, सोमवारी, कारण सोमवारी तिचा बाजार नसतो.